संगणकभाषेचें पहिलें पुस्तक : निवड कशी करावी ?

ग्रंथ हेच गुरु, असें वचन आपल्या वाचनालयांच्या भिंतींवर पुष्कळदां आढळतें. तें खरें आहे. परंतु गुरु जसा पारखून घ्यावा लागतो, तसाच ग्रंथहि पारखून घ्यावा लागतो, हा त्या वचनाचा उत्तरार्ध सहसा कोणी लिहीत नाहीं. इतिहासाचें अथवा भूगोलाचें एखादें सामान्य पुस्तक हातीं आलें तरी वर्गांत शिक्षक असतात, नकाशे असतात, आणि पुस्तकाची उणीव भरून निघते. संगणकाच्या भाषेचें तसें नाहीं. ही विद्या पुष्कळ विद्यार्थी घरीं, सुटीच्या दिवसांत, एकट्यानेंच आरंभितात. तेथें पुस्तक हाच शिक्षक, पुस्तक हाच सोबती आणि पुस्तक हाच परीक्षक असतो. तो सोबती वाट चुकविणारा निघाला तर विद्यार्थ्यास परत रस्त्यावर आणणारा कोणी नसतो.

या गोष्टीचें महत्त्व आपल्या खानदेशांत अधिक आहे. येथील कित्येक मुलें घरीं अहिराणी बोलतात, शाळेंत मराठी लिहितात, आणि संगणकाचीं पुस्तकें मात्र बहुतेक इंग्रजींत असतात. कपाशीच्या किंवा केळीच्या पैशांतून बाजूला काढलेल्या रकमेंतून वडील एखादें जाडजूड पुस्तक आणतात. मुलगा पहिलीं वीस पानें वाचतो, एकविसाव्या पानावर अडतो, आणि पुस्तक कोनाड्यांत जातें. यांत पैसे गेले ही हानि लहान आहे. मोठी हानि ही कीं, ‘पुस्तक माझ्यासाठीं नव्हतें’ असें न म्हणतां ‘माझी बुद्धि या विषयास पुरत नाहीं’ असें तो मुलगा किंवा ती मुलगी मनाशीं ठरवून टाकते. पुस्तकाचा दोष बुद्धीच्या माथीं बसतो, आणि एक वाट कायमची बंद होते. हें टाळण्यासाठीं कांहीं कसोट्या येथें सांगण्याचा विचार आहे.

संगणकभाषा म्हणजे काय ?

प्रथम विषयाची ओळख करून घेऊं. आई मुलाला म्हणते, “दुकानांतून मीठ घेऊन ये.” मुलगा पिशवी घेतो, पैसे मागतो, नेहमींचें दुकान बंद असल्यास दुसरें शोधतो. आईनें यांतील एकहि गोष्ट सांगितलेली नसते; ऐकणाराच तीं गाळलेलीं पदें आपल्या समजुतीनें भरून काढतो. संगणकाला अशी समजूत नाहीं. त्याला प्रत्येक पायरी, प्रत्येक शक्यता आणि प्रत्येक ‘नाहीं तर काय करावें’ हें अगोदर लिहून द्यावें लागतें. अशा रीतीनें क्रमानें लिहिलेल्या आज्ञांचा जो समूह त्यास आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात, आणि ज्या नियमबद्ध भाषेंत ती लिहितात ती संगणकभाषा. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथॉन या अशा भाषा होत.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. संगणकभाषा शिकणें म्हणजे शब्द पाठ करणें नव्हे. सी भाषेच्या १९८९ सालच्या प्रमाणानुसार तिच्यांत राखीव शब्द अवघे ३२ आहेत. आजच्या पायथॉनमध्यें ते ३५ च्या आसपास आहेत. इतके शब्द कोणीहि एका आठवड्यांत पाठ करील. कठीण आहे तें एवढेंच कीं, मनांतील मोघम विचार बारीक बारीक पायऱ्यांत मांडणें. म्हणून चांगलें पुस्तक तेंच, जें शब्दांपेक्षां ही मांडणी शिकवितें.

पुस्तकाची आतां गरज उरली आहे काय ?

येथें एक शंका येईल. हल्लीं फोनवर चलच्चित्रांच्या रूपानें हजारों पाठ मिळतात. शिवाय २०२२ सालच्या अखेरीस चॅटजीपीटी हें साधन लोकांच्या हातीं आल्यापासून प्रश्न टाकला कीं आज्ञावली तयार होऊन समोर येते. मग पुस्तक कशास हवें ?

शंका योग्य आहे, पण तिचें उत्तरहि सरळ आहे. गणिताचीं उत्तरें मार्गदर्शिकेंत पूर्वींपासून छापलेलीं असत. तरी गणित सोडविण्याचा अभ्यास कोणी सोडला नाहीं. आयती मिळालेली आज्ञावली बरोबर आहे कीं चूक, हें ओळखण्याची पात्रता ज्याच्या अंगीं आहे त्यालाच त्या साधनाचा उपयोग. इतरांना तें साधन चुकीचें उत्तरहि तितक्याच आत्मविश्वासानें देतें. चलच्चित्र पाहतांना सर्व कांहीं समजल्यासारखें वाटतें, कारण हात चालविणारा दुसरा असतो. पुस्तकाची गति मात्र वाचणाऱ्याच्या हातीं असते. तो थांबतो, मागचें पान उलटतो, कागदावर करून पाहतो. तेव्हां हीं नवीं साधनें पुस्तकाच्या जोडीला अवश्य असावींत, पुस्तकाच्या जागीं मात्र असूं नयेत.

पाटण्याचा धडा

चांगलें पाठ्यपुस्तक कसें असावें याचा एक नमुना आपल्या जळगांव जिल्ह्याशींच निगडित आहे. चाळीसगांवाजवळ पाटणें या गांवीं, भवानीच्या देवळांत, एक शिलालेख आहे. डॉक्टर भाऊ दाजी यांनीं तो १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणला. त्यावरून असें कळतें कीं, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होते, आणि त्यांनीं आपल्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून तेथें एक मठ स्थापिला. त्या मठास इ. स. १२०७ मध्यें दान मिळाल्याचा उल्लेख त्यांत आहे. (तापीपूर्णेच्या संगमावर ज्यांचें मंदिर आहे ते योगी चांगदेव निराळे.) एका घराण्याच्या ग्रंथांसाठीं शाळा निघावी, ही गोष्ट त्या ग्रंथांच्या योग्यतेविषयीं पुष्कळ सांगून जाते.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. १९५० नव्हे, तर ११५० सालीं, वयाच्या ३६ व्या वर्षीं त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला, आणि ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग. त्या ग्रंथाची रचना पाहावी. आधीं करणसूत्र, म्हणजे कृतीचा नियम, थोडक्यांत. लगेच त्यावर उदाहरण. मग न्यास, म्हणजे दिलेल्या संख्यांची मांडणी. आणि शेवटीं उत्तर. उदाहरणेंहि कोरडीं नाहींत : खांबावर बसलेला मोर आणि बिळाकडे धांवणारा साप, कमळावरचे भुंगे, व्यापाऱ्यांचे व्यवहार. नियम, उदाहरण, मांडणी, उत्तर हा क्रम आजच्या संगणकाच्या पुस्तकासहि तंतोतंत लागू पडतो. कारण करणसूत्र म्हणजेच पायऱ्यापायऱ्यांनीं सांगितलेली कृति, आणि तिलाच आज अल्गोरिदम म्हणतात.

याच ग्रंथाकडून दुसराहि धडा घेण्यासारखा आहे. ‘लीलावती’ इतकी चांगली असूनहि तिच्यांत नियमांच्या उपपत्ति विस्तारानें दिलेल्या नाहींत. तें काम पुढें टीकाकारांनीं केलें, आणि त्यांत गणेश दैवज्ञ यांची सोळाव्या शतकांतील ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका प्रसिद्ध आहे. अर्थात् उत्तमांतील उत्तम पुस्तकालाहि समजावून देणाऱ्याची जोड लागते. पुस्तक अडलें म्हणजे विचारण्यास कोणी असावें, हें लाजिरवाणें नाहीं. ती शेंकडों वर्षांची रीत आहे.

आतां कसोट्या पाहूं.

पहिली कसोटी : हें पुस्तक कोणासाठीं लिहिलें आहे ?

पुस्तक थोर असणें निराळें आणि तें आपल्या कामाचें असणें निराळें. ब्रायन कर्निगन व डेनिस रिची यांचें ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हें १९७८ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक संगणकाच्या वाङ्मयांत आदर्श मानलें जातें. सी भाषा ज्या रिचींनीं घडविली त्यांनींच तें लिहिलें असल्यामुळें त्याच्या अधिकाराविषयीं प्रश्नच नाहीं. शिवाय तें आटोपशीर आहे. तथापि ज्यास आज्ञावली लिहिण्याची थोडीफार ओळख आहे असा वाचक गृहीत धरून तें लिहिलें आहे, हें त्याच्या प्रस्तावनेंतच सांगितलें आहे. नवव्या इयत्तेंतील मुलानें तें पहिलें पुस्तक म्हणून घेतलें व तें त्यास कळलें नाहीं, तर दोष मुलाचाहि नाहीं आणि पुस्तकाचाहि नाहीं. दोष निवडीचा आहे. तेंच पुस्तक दोन वर्षांनंतर हातीं घेतल्यास तो त्यांतील प्रत्येक वाक्याचें मोल जाणील.

ज्या लेखकापुढें प्रत्यक्ष श्रोता बसलेला असतो, त्याचें पुस्तक सोपें उतरतें. याचें उदाहरण धुळ्यांतच आहे. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं सोबतच्या बंदिवानांपुढें दर रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं, आणि साने गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं. समोरच्या साध्या माणसास कळावें म्हणून विषय सांगितला, म्हणूनच तें पुस्तक पुढें घरोघरीं गेलें. संगणकाचें पुस्तक निवडतांनाहि प्रस्तावना वाचावी आणि लेखकाच्या डोळ्यांपुढें कोण बसला आहे हें शोधावें. तेथें आपण दिसलों तरच पुढें जावें.

दुसरी कसोटी : पुस्तक आटोपशीर व क्रमवार आहे काय ?

अमेरिकेंतील ॲलन डाउनी या अध्यापकांस १९९९ सालीं प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांस जावा भाषा शिकवावयाची होती. मोठमोठीं पाठ्यपुस्तकें विद्यार्थी वाचीत नाहींत, आणि बरेच जण मध्येंच गळतात, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनीं ठरविलें कीं, न वाचलेल्या पन्नास पानांपेक्षां वाचलेलीं दहा पानें बरीं; आणि रोज एक याप्रमाणें तेरा दिवसांत तेरा प्रकरणें लिहून काढलीं. नवा पारिभाषिक शब्द आला कीं त्याची व्याख्या तेथेंच द्यावयाची, आणि अवघड भाग एकदम न टाकतां लहान लहान पायऱ्यांनीं आणावयाचा, असे त्यांचे नियम होते. तें पुस्तक त्यांनीं सर्वांस मोकळें ठेवलें. पुढें व्हर्जिनियांतील एका हायस्कुलाचे शिक्षक जेफ्री एल्कनर यांनीं आपल्या वर्गासाठीं तें पायथॉन भाषेंत बसविलें, आणि त्या दोघांच्या श्रमांतून जें पुस्तक तयार झालें त्याचीच पुढील सुधारलेली आवृत्ति ‘थिंक पायथॉन’ या नांवानें आज लेखकाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. एका शाळेंतील शिक्षकानें आपल्या मुलांची गरज ओळखून पुस्तक घडविलें, ही गोष्ट आपल्या शिक्षकांनींहि मनावर घेण्याजोगी आहे.

मुंबईच्या आयआयटीमधील प्राध्यापक अभिराम रानडे यांनीं सी प्लस प्लस भाषेवर जें पुस्तक लिहिलें (२०१४), त्यांतहि असाच विचार दिसतो. आरंभीं विद्यार्थी पडद्यावर एका कांसवाला चालवून चौकोन व बहुकोन काढावयास शिकतो. भूमितीची आकृति डोळ्यांपुढें उमटते, आणि ‘हीच कृति पुन्हां पुन्हां कर’ या आज्ञेचा अर्थ व्याख्येवांचून मनांत उतरतो. पुस्तकाचें पहिलें प्रकरण वाचून जर आपल्या हातून लहानसें का होईना पण कांहीं घडलें नाहीं, तर तें पुस्तक नवशिक्यासाठीं नव्हे, असें खुशाल समजावें.

तिसरी कसोटी : पुस्तकाचें वय काय ?

व्याकरणाचें पन्नास वर्षांपूर्वींचें पुस्तक आजहि चालेल. संगणकभाषेचें मात्र चालेलच असें नाहीं. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचें ‘लेट अस सी’ हें पुस्तक भारतांतील अभियांत्रिकीच्या लक्षावधि विद्यार्थ्यांनीं वाचलें आहे. एका मराठी लेखकाच्या सुबोध लेखणीनें सी भाषा सर्व देशाला शिकविली, ही अभिमानाची गोष्ट होय. त्याच्या जुन्या आवृत्ति टर्बो सी या त्या काळच्या साधनावर बेतलेल्या होत्या. त्या साधनांत पूर्णांकासाठीं साधी जागा १६ बिटांची असे, म्हणून तींत मावणारा मोठ्यांत मोठा अंक ३२,७६७. कपाशीचे ४०,००० रुपये अशा जागेंत ठेवले, तर संगणक ते उणे २५,५३६ असे दाखवी ! आजच्या सामान्य संगणकांवर हीच जागा ३२ बिटांची असते आणि तींत २१४ कोटींहून मोठा अंक मावतो. लेखकानें वेळोवेळीं नव्या आवृत्ति काढल्या आहेत. परंतु जुन्या बाजारांतून जुनी आवृत्ति आणणाऱ्या विद्यार्थ्यास पुस्तकांत एक आणि पडद्यावर दुसरेंच दिसेल, आणि तो गोंधळेल. कर्निगन-रिचींच्या पुस्तकाचीहि १९८८ सालची दुसरी आवृत्तिच घ्यावी. पहिलींतील लिहिण्याची कांहीं पद्धति आतां मागें पडली आहे.

पायथॉनच्या बाबतींत तर ही परीक्षा अगदीं सोपी आहे. ही भाषा गीडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. २००८ सालीं तिची तिसरी मालिका आली, आणि दुसऱ्या मालिकेची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. पुस्तकांतील कोणतीहि पहिली आज्ञावली उघडावी. ‘प्रिंट’ या शब्दापुढें कंस नसेल, तर पुस्तक जुन्या मालिकेचें आहे असें समजून तें खालीं ठेवावें. त्या पुस्तकाप्रमाणें ७ ला २ नें भागिलें तर उत्तर ३ येतें. आजच्या पायथॉनमध्यें तें ३.५ येतें. एवढ्या एका फरकानें हिशेब कोठल्या कोठें जाईल !

चौथी कसोटी : पुस्तक कारण सांगतें काय ?

एक उदाहरण घेऊं. एका शेतकऱ्याची केळी पावणेसात क्विंटल, म्हणजे ६.७५ क्विंटल भरली. भाव क्विंटलला १,२५० रुपये धरूं. गुणाकार केला तर ८,४३७ रुपये ५० पैसे होतात. आतां एका विद्यार्थ्यानें सी भाषेंत हा हिशेब लिहितांना वजनासाठीं पूर्णांकाची जागा राखली. संगणक ६.७५ मधील ६ तेवढे ठेवील, अपूर्णांक गाळील, आणि ७,५०० रुपये असें उत्तर देईल. तो चूक झाल्याचें सांगणार नाहीं. शेतकऱ्याचे ९३७ रुपये ५० पैसे मुकाट्यानें बुडतील.

या ठिकाणीं पुस्तकांची परीक्षा होते. सामान्य पुस्तक म्हणतें, “अपूर्णांकासाठीं फ्लोट हा शब्द लिहावा.” विद्यार्थी तें पाठ करतो व विसरतो. चांगलें पुस्तक आधीं चुकीचा हिशेब करवून घेतें, मग विचारतें कीं बाकीचे रुपये गेले कोठें. आणि प्रत्येक जातीच्या संख्येसाठीं निराळ्या आकाराचें भांडें असतें, मोठें माप लहान भांड्यांत ओतलें कीं तें सांडतें, हें समजावून देतें. असा विद्यार्थी ती गोष्ट जन्मांत विसरत नाहीं. तेव्हां पुस्तक चाळतांना ‘असें लिहावें’ हीं वाक्यें किती आणि ‘असें कां लिहावें’ हीं वाक्यें किती, हें मोजून पाहावें.

पांचवी कसोटी : अभ्यास करवून घेतें काय ?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें इंग्रजी शिकली ती तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर. तिची युक्ति काय होती ? प्रत्येक धडा लहान. एक नियम, थोडे शब्द, आणि मग मराठींतून इंग्रजींत व इंग्रजींतून मराठींत करावयाचीं पुष्कळ वाक्यें. वाचून तें पुस्तक संपतच नसे, करूनच संपे. संगणकभाषा हीहि भाषाच आहे, आणि तीहि दोन्ही दिशांनीं शिकावी लागते : विचार दिला असतां आज्ञावली लिहितां यावी, आणि आज्ञावली दिली असतां ती काय करील हें सांगतां यावें. ज्या पुस्तकांत प्रकरणाच्या शेवटीं दोन्ही प्रकारचे प्रश्न आहेत, सोप्यापासून कठीणाकडे जाणारे आहेत, तें घ्यावें. ज्यांत केवळ तोंडी परीक्षेचीं प्रश्नोत्तरें आहेत, तें गुण मिळवून देईल, विद्या देणार नाहीं.

येथेंच दुसरा एक मोह सांगितला पाहिजे. ‘इतक्या दिवसांत अमुक भाषा शिका’ अशीं नांवें असलेलीं पुस्तकें पुष्कळ आहेत. पीटर नॉर्व्हिग या संगणकशास्त्रज्ञांनीं त्यांस उत्तर म्हणून एक निबंध लिहिला आणि त्यांत दहा वर्षांची मुदत सांगितली ! हें ऐकून कोणी घाबरूं नये. दहा वर्षें निष्णात होण्यास लागतात. उपयोगी असें कांहीं लिहितां येण्यास एक उन्हाळ्याची सुटी पुरे, मात्र ती रोज एक तास खरोखर खर्ची पडली पाहिजे.

सहावी कसोटी : पुस्तकाची भाषा आपणांस पेलते काय ?

मराठींत संगणकाविषयीं सामान्य माहिती देणारीं चांगलीं पुस्तकें आहेत. अच्युत गोडबोले यांच्यासारख्या लेखकांनीं तें काम केलें आहे. परंतु आज्ञावली लिहावयास शिकविणारीं बहुतेक पुस्तकें इंग्रजींतच आहेत, हें मान्य करून चालावें. म्हणून सोप्या इंग्रजीचें, लहान वाक्यांचें पुस्तक निवडावें. एन्‌सीईआर्‌टीचें अकरावीचें संगणकशास्त्राचें पुस्तक पायथॉन शिकवितें, शालेय विद्यार्थ्यांसाठींच लिहिलेलें आहे, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतें. पैसे खर्चण्यापूर्वीं तें अवश्य पाहावें. त्याच्या जोडीला मुंबईच्या आयआयटीनें चालविलेले ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हे छोटे बोलके पाठ आहेत. त्यांचीं मराठीसह अनेक भारतीय भाषांत रूपांतरें झालीं आहेत. इंग्रजी पुस्तकांतील भाग मराठींत ऐकून घेतला, कीं इंग्रजी वाक्यहि आपोआप उलगडतें.

अर्ध्या तासाची परीक्षा

या सर्व कसोट्या प्रत्यक्षांत कशा लावाव्या ? पुस्तक विकत घेण्याआधीं वाचनालयांत, महाविद्यालयांत शिकणाऱ्या एखाद्या वडील भावाजवळ, किंवा दुकानांतच तें हातीं घ्यावें. जळगांव, धुळें व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयें १९९० सालीं स्थापन झालेल्या आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाच्या कक्षेंत येतात, आणि त्यांतून संगणकाचे विद्यार्थी प्रतिवर्षीं बाहेर पडतात. आपल्या गल्लींत त्यांपैकीं एखादा असेलच. मग पुढीलप्रमाणें करावें.

१. प्रस्तावना व आवृत्तीचें वर्ष वाचावें. वाचक कोण धरला आहे आणि भाषेची कोणती मालिका आहे, हें पाहावें.

२. पहिल्या प्रकरणांतील पहिली आज्ञावली स्वतः लिहून चालवून पाहावी. पुस्तकाप्रमाणें केलें असतां ती चालली पाहिजे.

३. मधलें एखादें प्रकरण उघडून एक पान सावकाश वाचावें. त्यांतील न कळणारे शब्द मागें कोठें समजाविले आहेत काय, हें अनुक्रमणिकेवरून व शब्दसूचीवरून शोधावें.

४. प्रकरणाखालचा पहिला प्रश्न सोडवावा. अगदींच सोपा वाटल्यास पुस्तक खालच्या पायरीचें. अर्धाहि कळला नाहीं तर वरच्या पायरीचें. थोडी झटापट करून सुटला, तर तें आपलें पुस्तक.

५. शेवटीं पुस्तक मिटून, वाचलेली गोष्ट दुसऱ्यास सांगून पाहावी.

पालकांस दोन शब्द

पुष्कळ पालक म्हणतात, “आम्हांस संगणकांतलें कांहीं कळत नाहीं, आम्ही पुस्तक काय पारखणार?” वरील पांचवी परीक्षा त्यांच्यासाठींच आहे. मुलास जवळ बसवावें आणि म्हणावें, “आज जें वाचलेंस तें मला आपल्या भाषेंत सांग.” तो मराठींत किंवा अहिराणींत, केळीच्या वा दुधाच्या हिशेबाचें उदाहरण देऊन सांगूं लागला, तर पुस्तक योग्य आहे आणि मुलगाहि योग्य वाटेवर आहे. तो इंग्रजी शब्दांची माळ ओढूं लागला, आणि ‘म्हणजे काय ?’ म्हणतांच गप्प झाला, तर त्यास रागावूं नये, पुस्तक बदलावें. घरांत मुलगी असेल तर तिच्याहि हातीं तेंच पुस्तक, तितकाच वेळ द्यावा; संगणकाला लिहिणारा हात कोणाचा हें कळत नाहीं.

दुसरें असें कीं, पांच पुस्तकें आणूं नयेत. एक निवडावें आणि तें शेवटच्या प्रश्नापर्यंत संपवावें. पहिलें पुस्तक संपविल्यानें जो धीर येतो, तो दहा पुस्तकें चाळून येत नाहीं. आणि एक भाषा नीट आली कीं दुसरी भाषा शिकण्यास पहिलीच्या निम्मेहि श्रम पडत नाहींत. म्हणून आरंभ पायथॉननें करावा कीं सीनें, या वादांत महिने घालवूं नयेत. शालेय विद्यार्थ्यास पायथॉन सोपी जाईल. ज्यास यंत्राचें अंतरंग पाहण्याची हौस आहे त्यानें मागाहून सीकडे वळावें.

विद्यार्थिमित्रहो, पाटण्याच्या मठांत आठशें वर्षांपूर्वीं जे विद्यार्थी बसत, त्यांच्यापुढें सूत्र होतें, उदाहरण होतें आणि समजावून देणारा गुरु होता. तुमच्यापुढें त्याहून कितीतरी अधिक साधनें आहेत. उणीव आहे ती निवडीची आणि चिकाटीची. येत्या सुटींत एक पुस्तक पारखून घ्या, रोज एक तास त्याला द्या, आणि शाळा उघडेल तेव्हां आपल्या घरच्या एखाद्या खऱ्या हिशेबाची, तुम्ही स्वतः लिहिलेली आज्ञावली वर्गांत घेऊन या. ती चार ओळींची असली तरी चालेल. प्रत्येक ओळीचें कारण मात्र तुम्हांस सांगतां आलें पाहिजे.